कंपनीतून आलेला माणूस

स्वतःच्या घराची बेल वाजवून, दोन पावलं मागे सरून, भिंतीकडे तोंड करून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

रियाधच्या त्या बिल्डिंगीत राहायला जाऊन आम्हाला चार-पाच दिवस झाले होते. नवरा पहाटे साइटवर जायचा तो संध्याकाळी सातला परत. मुलगी शाळेत. बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली त्याच्या आधीची गोष्ट. त्यामुळे दिवसभर मी, चार भिंती आणि एसीची घरघर. दाराच्या भिंगातून जिन्यावर कोण येतं-जातं ते बघणं हा माझा उद्योग होता. साताऱ्यात असताना असा उद्योग करणाऱ्या बायकांना मी नावं ठेवायची.

तर दुपारी बाराच्या सुमाराला समोरच्या फ्लॅटपाशी एक गृहस्थ आले. साठीच्या आतबाहेरचे. पांढरी दाढी, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं, हातात भाजीची पिशवी. त्यांनी बेल वाजवली आणि मागे सरून भिंतीकडे तोंड केलं. आतून बायकी आवाज आला, "कोण हाय?"

"कंपनीतून आलोय. तुमच्या घरच्यांनी सामान पाठवलंय."

"या. पण दाराला बाहेरून कुलूप हाय वाटतं."

"हाय. चावी पण त्यांनीच दिलीय."

मग त्यांनी खिशातून चावी काढली, कुलूप उघडलं, "येऊ ना?" म्हणून पुन्हा विचारलं आणि चपला बाहेर काढून आत गेले. मराठी ऐकून मला भरून आलं, पण प्रकार काय तो कळेना. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ते हजेरीवाले चाचा. रत्नागिरीकडचे. जरा तिरसट आहेत म्हणतात. तू आपली लांबच राहा."

तिसऱ्या आठवड्यात ते जमलं नाही. भर दुपारी त्या कुलूपबंद दारावर आतून कोणीतरी ठकठक करत होतं. जोरात नव्हे, शेजारणीला हाक मारावी तसं. "गो, कोण हाय काय बाहेर? दार उघडा गो. माझी होडी चुकेल." मी जिन्यात जाऊन दाराला कान लावला. नाव विचारलं, गाव विचारलं. दार मध्ये ठेवून आम्ही दोन तास बोलत बसलो. त्यांनी मला तीनदा माझं माहेर विचारलं आणि मी तीनदा सांगितलं.

चाचा आले तशी मी त्यांच्यावर तुटून पडले. "बाईमाणसाला कोंडून ठेवता? लाज नाही वाटत?"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नजर माझ्या चपलांवर. माझं बोलून संपल्यावर म्हणाले, "खरं हाय, बाय. दोनदा खाली रस्त्यावर गेली होती. एकदा गाडीखाली यायची वाचली. मला दिवसातून तीनदा हजेरी घ्यायला जावं लागतं. दुसरं काय करू, ते सांग. तू सांगशील ते करतो."

खरंच विचारत होते ते. मी म्हटलं, "कुलूप लावू नका. मी बसते."

अशी माझी नि चाचीची गाठ पडली.

चाचा रियाधच्या अल सुलै भागातल्या एका मोठ्या गोदामात टाइमकीपर होते. तीनशे-साडेतीनशे माणसांची हजेरी त्यांच्याकडे. अंगठा टेकवायचं मशीन आलेलं होतं, पण सिमेंटनं झिजलेले अंगठे मशीन ओळखायचं नाही आणि चाचा माणूस लांबून चालीवर ओळखायचे. बंगाल्यांशी बंगाली, मल्याळ्यांशी मल्याळम, पठाणांशी पश्तू, असं सगळं बोलायचे आणि सगळं चुकीचं बोलायचे. लोक हसायचे. ते म्हणायचे, "सकाळी साडेपाचला माणूस हसत कामाला लागला तर माझं व्याकरण गेलं खड्ड्यात."

मासळीच्या बाबतीत मात्र त्यांना हसू यायचं नाही. आठवड्यातून एकदा ते बाजारात जाऊन सुरमईशी भांडायचे. विकणाऱ्याशी नव्हे, सुरमईशी. तिचा कल्ला उघडून तिला म्हणायचे, "अगो, तू समुद्र शेवटचा कधी बघितलास?" मग तीच विकत घ्यायचे, घरी आणून कोकम लावून उत्तम कालवण करायचे आणि जेवताना प्रत्येक घासाला तिची निंदा करायचे.

हे सगळं मला कळलं ते चाचीच्या सोबतीमुळे. आणि बेलचा उलगडाही तेव्हाच झाला. चाचीचं विसरणं तीन-चार वर्षांपासूनचं. आधी नावं गेली, मग वर्षं गेली. आम्ही यायच्या सहा महिने आधी एका दुपारी चाचा नेहमीसारखे चावीनं दार उघडून आत आले, तर चाचीनं किंकाळी फोडली आणि उलथनं फेकून मारलं. परका पुरुष घरात शिरला होता. तिच्या डोळ्यांपुढचा नवरा तिशीतला, काळ्या मिशांचा. हा कोण पांढऱ्या दाढीवाला?

"चांगलं लागलं," कपाळावरची खूण दाखवत चाचा म्हणाले. "बाहेर येऊन जिन्यावर बसलो. म्हटलं, आता काय? मग उठून बेल वाजवली. आतून विचारलं, कोण? तोंडातून निघून गेलं, कंपनीतून आलोय, तुमच्या घरच्यांनी पाठवलंय. लगेच आत बोलावलं. पाणी दिलं. बस म्हटली."

"आणि तेव्हापासून तुम्ही रोज हे खोटं बोलता?"

"खोटं कुठलं, बाय? कंपनीतूनच आलो होतो ना?"

चाचीच्या लेखी ती रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या घरात होती. नवरा सौदीला. त्याच्या कंपनीतला एक सभ्य गृहस्थ येऊन-जाऊन सामान पोचवायचा, चार गोष्टी सांगायचा. त्याच्यासमोर ती डोक्यावरून ओढणी घ्यायची. चाचा हॉलमध्ये झोपायचे. अंघोळीला ती त्यांना हात लावू द्यायची नाही, ते काम मी घेतलं. पहिल्या दिवशी तिची पाठ चोळताना मला आईची पाठ आठवली आणि मी नळ मोठा सोडला. त्या दिवसानंतर भिंगातून बघायची मला वेळ आली नाही.

"गावाला का नाही पाठवत?" मी एकदा विचारलं. त्यांची मुलगी महाडला दिलेली होती. तिच्याकडे ठेवता आलं असतं, निदान तसं बिल्डिंगीतले लोक म्हणायचे.

"लग्नानंतर पंधरा वर्षं हिला गावाला ठेवून मी इथं होतो," चाचा म्हणाले. "दोन वर्षांतून एकदा जायचो, पाव्हण्यासारखा. मग फॅमिली व्हिसा मिळाला, तेव्हा आणली. आता ही मला ओळखत नाय म्हणून परत पाठवू?"

संध्याकाळी मगरिबची बांग झाली की चाची अस्वस्थ व्हायची. खोलीतून खोलीत फिरायची, पडदे ओढायची, गाठोडं बांधायची. डॉक्टरांनी गोळी दिली होती, पण त्या गोळीनं ती दिवसभर गुंगीत राहायची, म्हणून चाचांनी गोळी बंद केली. त्याऐवजी ते हजेरीची वही काढत. पलीकडच्या खुर्चीत बसून एकेक नाव वाचत. अब्दुल करीम. रामप्रसाद. शौकत अली. थॉमस. आणि चाची चालता चालता थबकून प्रत्येक नावाला म्हणायची, "हाय." साठ-सत्तर नावं झाली की ती खाटेवर बसायची. शंभरापर्यंत आडवी व्हायची. साडेतीनशे नावं पुरी झाल्याचं मी कधी पाहिलं नाही. चाचांचा एकदा घसा बसला होता तेव्हा माझ्या मुलीनं समोर जाऊन ती वही वाचली. शाळेत इंग्रजी-हिंदी झाडणारी आमची पोरगी त्या दिवशी घरी येऊन मराठीत म्हणाली, "आई, चाची माझ्या नावाला पण हाय म्हणाली. मी मध्येच घातलं होतं."

निरोपांचं प्रकरण आधी गमतीचंच होतं. चाची कंपनीच्या माणसाजवळ नवऱ्याला निरोप द्यायची. पाठवलेलं कापड आखूड पडलं. रेडिओला खरखर आहे. पत्रात नुसतं 'सर्व खुशाल' लिहितात, त्यातून माणसाला काय कळणार? चाचा खिशातलं पेन काढून सगळं लिहून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आणायचे. "साहेब म्हणाले, पुढच्या वेळी लांब कापड बघतो." मला वाटतं, त्यांना त्यात सुखच होत असावं. मला एकदा म्हणाले, "उभ्या जन्मात हिनं माझ्याकडं एक गाऱ्हाणं केलं नाय. आता रोज दोन. बरं वाटतं गो."

त्या दिवशी आम्ही वाल सोलत बसलो होतो. वालाची उसळ मी चाचीकडूनच शिकले. डोकं विसरलं तरी हात काही विसरले नव्हते. चाचा दुपारच्या सुट्टीत आले होते, दाराजवळच्या खुर्चीत बसून पाणी पीत होते. चाची म्हणाली, "एक निरोप राहिलाय."

चाचांनी पेन काढलं.

"लिहू नका. नुसता सांगा." तिच्या हातातला वाल तसाच राहिला. "त्यांना सांगा, पोराला ताप आला त्या दिवशी उशीर माझ्याकडून झाला. सकाळच्या होडीनंच पलीकडं डॉक्टरकडं न्यायला हवा होता. सासूबाई म्हणाल्या, उतरेल दुपारपर्यंत. मी थांबले. मग वारा उठला, दुपारची होडी सुटलीच नाय. ते गावाला आले तेव्हा मी काय बोलले नाय त्यांना. चहा करून दिला. सांगा त्यांना. पण जपून सांगा. रागावतील."

मला तोवर ठाऊकच नव्हतं की त्यांना मुलीच्या आधी एक मुलगा होता.

चाचा उठले. पेनाला टोपण लावलं. "सांगतो," म्हणाले आणि बाहेर गेले.

थोड्या वेळानं मी बघायला गेले. खालच्या मजल्याच्या वळणावर, दोन जिन्यांच्या मध्ये, ते भिंतीला कपाळ टेकून उभे होते. वर येऊन आमच्या घराचं दार उघडं ठेवलं. पाव तासानं ते आले, मोरीत तोंड धुतलं, माझ्याकडून टॉवेल घेतला, शर्ट नीट खोचला आणि जाऊन स्वतःच्या घराची बेल वाजवली.

"कोण हाय?"

"कंपनीतून आलोय. उत्तर आणलंय."

चाची ओढणी सावरून बसली. चाचा उभेच राहिले.

"साहेब बोलले, चूक तुझी नाय. वाऱ्याची हाय. आणि माझी हाय, मी तिथं नव्हतो."

"खरंच असं बोलले?"

"माझ्यासमोर बोलले."

"रागावले नायत?"

"नाय."

"मग काय केलं?"

"रडले," चाचा म्हणाले.

चाची बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांना सांगा, रडू नका. तिकडं डोळे पुसायला कोण हाय?" आणि वाल सोलायला लागली.

नंतर चाचांनी मला सांगितलं, मुलगा गेला तेव्हा त्यांना सौदीत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाकडे. सुट्टी मिळून घरी पोचेपर्यंत अकरा महिने गेले. "मी तिला विचारलं नाय, कसं झालं म्हणून. वाटलं, विचारलं तर तिला दुखेल. आणि तिला वाटलं, मी रागावलोय म्हणून विचारत नाय. पस्तीस वर्षं, बाय. एका ताटात जेवलो."

चार दिवसांनी चाचीनं तोच निरोप पुन्हा दिला. तेच शब्द, तेच 'जपून सांगा'. चाचा पुन्हा उठून बाहेर गेले, जिना उतरले, पाव तासानं वर आले, बेल वाजवली, तेच उत्तर दिलं. मग आठवड्यात दोनदा, कधी तीनदा. मला ते बघवेना. मी म्हटलं, "चाचा, बसल्या जागी उत्तर देऊन टाका ना. दर वेळी गुडघे दुखवत खाली कशाला जाता?"

"निरोप जाऊन यायला वेळ लागतो गो," ते म्हणाले. "लगेच उत्तर दिलं तर तिला खोटं वाटेल."

दोन महिने असं चाललं. मग तो निरोप यायचा थांबला. मी म्हटलं, विसरल्या असतील. चाचा मान हलवून म्हणाले, "विसरली नाय. तिला पटलं."

त्याच सुमाराला आमच्या सगळ्यांच्याच घरात सौदीकरणाचं वारं शिरलं होतं. कोणाची जागा जाणार, कोणाचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, नवा होणार नाही, हेच बोलणं. कारकुनाच्या कामांवर आता सौदी माणसंच हवीत असा नियम आला आणि चाचांच्या इकाम्यावर 'कारकून' लिहिलेलं होतं. कंपनीनं माजिद नावाचा एक सौदी माणूस नेमला. पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप. त्याला तीन महिन्यांत सगळं शिकवायचं आणि मग खलास, चाचांनी घरी जायचं.

पहिल्या दिवशी माजिद अत्तराचा घमघमाट घेऊन तासभर उशिरा आला. चाचांनी त्याच्या नावापुढे खरी वेळ लिहिली आणि त्याला चहा पाजला. कामगारांच्या कॅम्पातले लोक त्यांना म्हणायचे, "चाचा, अर्धंच शिकवा. अडला की बोलावतील परत." चाचांना ते पटायचं नाही. "अर्धं शिकवलं तर ओव्हरटाइम कोणाचा बुडेल? माजिदचा नाय. त्या बिचाऱ्या वेल्डरचा." त्यांनी माजिदला पहाटे पाचला गेटवर उभं केलं आणि माणसं चालीवर ओळखायला शिकवलं. हा डावा पाय ओढतो, तो रामप्रसाद. हा मान खाली घालून येतो त्या दिवशी घरून फोन आलेला असतो, त्या दिवशी त्याला उंचावर चढवू नको म्हणून फोरमनला सांगायचं. महिन्याभरात माजिद वेळेच्या आधी यायला लागला. चाचांना तो 'अम्मी' म्हणायचा, म्हणजे अरबीत काका. चाचांच्या कानाला ते घरातलं 'अम्मी', म्हणजे आई, असं ऐकू यायचं आणि ते दर वेळी हसायचे.

आणि त्या तीन महिन्यांतच माझ्या हातून ती चूक झाली.

आईचा फोन आला होता. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बोलत होते. चाची हॉलमध्ये होती. फोन संपवून बाहेर आले तर दार सताड उघडं. जिन्यात नाही, खाली नाही, रस्त्यावर नाही. बाहेर ऊन असं की डोळा उघडवत नव्हता. मी दोन गल्ल्या धावले आणि मग चाचांना फोन केला. "चाची गेल्या," एवढंच मला बोलता आलं. पलीकडून आधी वही मिटल्याचा आवाज आला. मग, "तू घरातच थांब. ती परत आली तर दार उघडं दिसलं पाहिजे."

घरात थांबणं काय असतं ते मला त्या दोन तासांत कळलं. तिकडे चाचांनी काही सांगायच्या आधी माजिदनं गाडी काढली, पोलिसांना फोन लावला. कामाची वेळ असूनही गोदामातली पंचवीस-तीस माणसं फोरमनला न विचारता बाहेर पडली. तिसऱ्या प्रहरची असरची नमाज होऊन गेल्यावर माजिदला ती सापडली. मोठ्या रस्त्यापलीकडे ट्रेलर उभे करायचं मैदान होतं. तिथं एका ट्रेलरच्या सावलीत, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर चाची बसली होती. अंगावर घरातली मॅक्सी, डोक्याला कोणाचं तरी चौकड्यांचं उपरणं. शेजारी एक पठाण ड्रायव्हर पाण्याची बाटली धरून उभा. तो म्हणाला, "अम्मा पूछती थी गाड़ी कब जाएगी. मैंने बोला, आपका आदमी आएगा तब जाएगी."

संध्याकाळी ती गाढ झोपल्यावर मी चाचांसमोर उभी राहिले. "मी फोनवर होते चाचा. आईशी बोलत होते. मला वाटलं..."

"बस, बाय." त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसले. थकले होते, शर्ट पहिल्यांदाच चुरगळलेला पाहिला. "तू हिला आठ महिने सांभाळलीस. एक तास चुकला. मी पंधरा वर्षं चुकलो, तरी हिनं मला चहा दिला. तू पण घे." आणि ते उठून चहा टाकायला गेले.

जायच्या चार दिवस आधी माजिद निरोप घ्यायला घरी आला. खजुराचा डबा आणि चाचीसाठी शाल घेऊन. चाची ओढणी सावरून बसली आणि कंपनीच्या माणसाला विचारलं, "हा कोण?"

"माझ्या जागी आलेला साहेब," चाचा म्हणाले. "माझं काम संपलं. मी आता गावी जाणार."

तिचा चेहरा उतरला. "मग निरोप कोण आणणार?"

माजिदला मराठी कळत नव्हतं, पण तो खाली बघू लागला. चाचांनी खजुराचा डबा तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "आता निरोपांची गरज नाय. त्यांनी तुम्हालाच बोलावलंय. तिकीट पाठवलंय. मी तुम्हाला पोचवून देणार."

चाची लहान मुलीसारखी उजळली. त्या क्षणापासून तिनं गाठोडं बांधणं सोडून दिलं. आता खरीच बॅग भरायची होती. चाचा मात्र जिन्यात येऊन मला म्हणाले, "बोलून बसलो, बाय. मुंबईला उतरल्यावर ती विचारील, कुठं हायत ते? मी कोणाला उभा करू?" मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू. पण मला त्या रात्री झोप आली नाही, आणि हॉलमधला त्यांचा दिवाही जळत होता.

निघायच्या दिवशी मी चाचीला अंघोळ घातली, केस विंचरले, हिरवी साडी नेसवली, वरून तिथला काळा झगा, अबाया. तिनं आरसा मागितला. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बरी दिसते ना गो? त्यांनी मला ओळखलं पाहिजे." हॉलमध्ये चाचा बॅगेला दोरी बांधत होते. त्यांचे हात थांबलेले मला दिसले.

विमानतळावर माझ्या नवऱ्यानं सोडलं. व्हीलचेअर आत जाताना चाचीनं मागे वळून मला हात केला. मी कोण ते तिला माहीत नव्हतं, पण आनंदात होती, म्हणून सगळ्यांनाच हात करत होती.

पंधरा दिवसांनी चाचांचा फोन आला. मी पहिलं तेच विचारलं.

"सांगतो," ते म्हणाले. "विमानात चार तास बाईसाहेब माझ्याशी अदबीनं बोलल्या. माझं जेवण झालं का विचारलं. उतरलो. बाहेर मुलगी, जावई. लगेच विचारलं हिनं, ते कुठं? मी म्हटलं, बघून येतो. मुलीच्या हाती दिली आणि तिथल्या बाथरूममध्ये गेलो. पांढरा शर्ट काढला. हातातल्या बॅगेत एक निळा सदरा होता, तो घातला. दाढी काढायला वस्तरा नव्हता, नायतर ती पण काढली असती. हातात काय तरी घ्यावं म्हणून दुकान शोधलं, तर बिस्किटाचा पुडा मिळाला. दुसऱ्या बाजूनं फिरून, बाहेरून आलो आणि समोर उभा राहिलो. बाय, असा नटून मी कधी उभा राहिलो नाय. लग्नात पण नाय."

"मग?"

"बघत राहिली. खालपासून वरपर्यंत. मला वाटलं, आता ओरडते. तर पुढं होऊन माझ्या दाढीला हात लावला आणि म्हणते, किती म्हातारे झालात हो! तिकडं जेवत नव्हतात काय?"



"महाडपर्यंत हात सोडला नाय," ते म्हणाले. "मध्येच एकदा विचारलं, तो कंपनीचा माणूस कुठं गेला? भला होता, त्याला कोणी चहा पण विचारला नाय. मी म्हटलं, त्याची गाडी होती, गेला."

नऊ दिवस ती त्यांना ओळखत होती. नऊ दिवसांत त्यांनी तिच्या हातचा भात खाल्ला, गावच्या खाडीवर जाऊन बसले, मुलाला पुरलं होतं त्या जागेवर दोघं मिळून एकदा जाऊन आले. दहाव्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा ओढणी डोक्यावरून घेतली. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "नऊ मिळाले," एवढंच म्हणाले.

त्यानंतरही ते अधूनमधून फोन करत. मी गाडी शिकले हे ऐकून खूश झाले. शेवटचं बोलणं झालं तेव्हा मी विचारलं, चाची काय म्हणतात?

"बोलणं गेलं गो आता. नाव नाय, गाव नाय. मी कंपनीचा नाय आणि घरचा पण नाय."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? सकाळी पडवीत ती बसलेली असते. मी जाऊन उभा राहतो. ती जरा बाजूला सरकते, जागा करून देते. मग बसतो."